सवडीची वेळ

टार्लो गावाच्या पश्चिमेला एक सरळसोट रस्ता आहे, आणि त्या रस्त्याच्या पलीकडे जग एक तास मागे आहे. गावकऱ्यांना यात काही नवल वाटत नाही. अलीकडची ती घाईची वेळ, पलीकडची ती सवडीची, म्हणजे शिकागोची. शाळा, चर्च आणि दवाखाना घाईच्या बाजूला आहेत, धान्याचं कोठार आणि निम्मी शेतं सवडीच्या बाजूला. फोनवर इथे कुणी विश्वास ठेवत नाही, कारण दोन्हीकडचे मनोरे त्याला आपापल्याकडे ओढतात आणि तो एकाच खिशात बसून दिवसातून चारदा मत बदलतो. म्हणून लोक भिंतीवरच्या घड्याळात बघतात, आणि कुणी भेटीची वेळ सांगितली की समोरचा आधी विचारतो, "कुणाची?"

नेडीन गेफर्टच्या स्वयंपाकघरात त्यामुळे दोन घड्याळं होती. शेगडीवरचं तिचं, दाराजवळचं तिच्या नवऱ्याचं, रॉइसचं. ती शाळेत आठवीला इतिहास शिकवायची. रॉइस कोठारावर धान्याच्या गाड्यांचं वजन करायचा. तीस वर्षांचा संसार एका घरात आणि दोन वेळांत झाला. त्याच्या घड्याळात सहा वाजता तो घरी यायचा, तेव्हा तिचे सात वाजलेले असायचे. रोज एक तास ती ताटं मांडून, हाताची घडी घालून बसायची. त्या तासावरून ती जितकी चिडली तितकी आयुष्यात दुसऱ्या कशावरूनही चिडली नसेल.

"तुझ्या त्या शिकागोला सांग, खिमा थंड होतो म्हणावं," ती म्हणायची.

"मी वेळेवर आलोय," टोपी खुंटीला अडकवत रॉइस म्हणायचा. "तुलाच भूक लवकर लागते."

गंमत म्हणजे शिकागोच्या वेळेवर जन्म काढलेला हा माणूस शिकागोला कधी गेला नव्हता. नेडीन मात्र दर वर्षी मे महिन्यात आठवीचा वर्ग घेऊन जायची. सहलीची आखणी फेब्रुवारीत सुरू व्हायची. टेबलावर नकाशा, पेन्सिल, खोडरबर आणि थांबवता येणारं घड्याळ घेऊन ती बसायची. तयार झालेला कागद रॉइस मोठ्याने वाचायचा, अगदी गाडीचं वजन सांगावं तशा आवाजात. "सव्वानऊ, तलावाकाठी उतरणे." मग चष्म्यावरून बघत विचारायचा, "ही कुणाची?" प्रत्येक ओळीला विचारायचा. ती वैतागून दोन रकाने आखायची, आपली वेळ आणि त्यांची वेळ, आणि कागद पक्का व्हायचा. तीस वर्षांत एकदाही बस चुकीच्या वेळी पोहोचली नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये रॉइस कोठारावरच, वजनकाट्याच्या खोलीत, खुर्चीतल्या खुर्चीत गेला. नोव्हेंबरात दाराजवळचं घड्याळ थांबलं. तिने त्यात सेल घातला नाही.

त्यानंतर नेडीन जरा तरंगतच होती, हे गावाने पाहिलं. जानेवारीत ती मुलांना एकाच लढाईत दोन आठवडे घेऊन बसली, लढाई तीन दिवसांत संपलेली असताना. एकदा तर हजेरी घेताना मध्येच खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तास संपल्याची घंटा झाली. शेवटी मुख्याध्यापक कर्बी लॉडमनने तिला खोलीत बोलावलं. कर्बी तिचाच विद्यार्थी. तिने नेलेल्या चौथ्या सहलीत बसच्या मागच्या सीटवर त्याला ओकारी झाली होती, आणि ती गोष्ट दोघांनाही आठवत असल्यामुळे त्याला तिच्यासमोर मुख्याध्यापकासारखं बसणं जड जायचं.

"बाई, हे बघा," म्हणत त्याने एक गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. "एक कंपनी आहे. सहलीचं सगळं तीच करते. शाळेच्या मंडळातले लोक म्हणतायत, आता बाईंना विश्रांती द्या."

"मला विश्रांती नकोय, कर्बी."

"ते मला कळतं हो."

"नाही कळत." मग ती स्वतःच वरमली. "एवढंच एक उरलंय रे माझ्याकडे. बाकी घरी मी नुसती खुर्च्या बदलत असते."

कर्बीने माहितीपत्रक बोटाने फिरवलं. "ठीक आहे. या वर्षी तुमचंच. सहल नीट झाली तर हे मी केराच्या टोपलीत टाकतो. पण काही बिनसलं ना बाई, तर मग माझ्या हातात राहणार नाही. मंडळ माझं ऐकायचं नाही."

"काही बिनसायचं नाही," ती म्हणाली.

आणि खरंच, त्या फेब्रुवारीत तिने जितकी जीव लावून आखणी केली तितकी कधीच केली नव्हती. शिकागो तिला पाठ होतं, पण मिनिटांत. एक्केचाळीस मुलं बसमधून उतरायला सहा मिनिटं. चार स्वच्छतागृहांत चौदा, त्यात मुलींच्या रांगेची तीन वाढीव. डायनासोरच्या सांगाड्यासमोर फोटो, पाच. डबे खायला बावीस, कारण पंचवीस दिली तर शेवटच्या तिघांत सफरचंदांची फेकाफेकी सुरू होते. नदीतल्या बोटीला पाऊण तास. घड्याळ हातात घेऊन ती स्वयंपाकघरात चालायची. शेगडीपासून दारापर्यंत म्हणजे बसपासून पायऱ्यांपर्यंत, पाच फेऱ्या.

चालता चालता डोळे मिटायचे. मग टेबल, खुर्च्या आणि बाहेरचं बर्फ मागे पडायचं. तलावावरचा वारा गालाला लागायचा, दगडी पायऱ्या पायाखाली यायच्या, मुलांची लांबलचक रांग तिच्या मागून सरकायची. रांगेच्या अगदी शेवटी, टोपी मागे सरकवून, कुणीतरी आरामात चालत असायचा. ती मागे वळून बघायची नाही. वळलं की तो नसतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तशीच पुढे चालत ती म्हणायची, "पाय उचल जरा, रांग तुटतेय." आणि घड्याळ थांबवून आकडा लिहून ठेवायची.

त्या दोन महिन्यांत ती सुखात होती. असं म्हणणं बरं दिसत नाही, पण होती.

कागद एका रविवारी पूर्ण झाला. तो दर वर्षीपेक्षा सुटसुटीत दिसत होता. साडेसहाला शाळेतून निघणे, पावणेतीन तासांचा प्रवास, सव्वानऊला तलावाकाठी, साडेनऊला संग्रहालय. परतीला तीनला निघणे, पावणेसहाला शाळा. सगळं एकाखाली एक, एकाच रकान्यात. इतका सुटसुटीत का, हे काही तिच्या लक्षात आलं नाही. कर्बीने कागद वाचला आणि सही केली. पालकांनी वाचला आणि फ्रिजवर चिकटवला. गेफर्टबाईंनी लिहिलंय म्हटल्यावर विचारायचं काय?

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी बस निघाली. बस चालवायला दर वर्षीप्रमाणे ओथो क्रम होता. वीस वर्षं तो हीच बस हाकत होता, आणि त्याचं ठाम मत होतं की मुलांपेक्षा डुकरं नेणं सोपं, कारण ती गाणी म्हणत नाहीत. मुलांनी आपापले आकडे मोठ्याने म्हटले, एकपासून एक्केचाळीसपर्यंत. एकोणिसावर आवाज आला नाही.

"मॅटी झोपलीय, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅटी ओव्हरमायर रस्त्यापलीकडे आजोबांकडे राहायची. शाळेत आठला यायचं म्हणजे घरच्या घड्याळात सातला, त्यामुळे वर्षभर ती अर्धवट झोपेतच असायची. नेडीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "एकोणीस," मॅटी डोळे न उघडता म्हणाली.

वाटेत धुकं होतं. पेरणी चालू होती, शेतांत ट्रॅक्टरचे दिवे सरकत होते. मग शेतं संपली, गोदामं आली, पूल आले, आणि ओथोने बस वळवली तेव्हा डाव्या हाताला उंच इमारतींच्या जागी नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. बस थांबली. सहा मिनिटांत एक्केचाळीस मुलं उतरली. नेडीनला आतून बरं वाटलं, आकडा तंतोतंत जुळला होता.

संग्रहालयाची दारं मात्र बंद होती. पायऱ्यांवर एक पहारेकरी कॉफी पीत बसला होता.

"साडेनऊला उघडतं, बाई."

"मग वाजत आलेच की."

त्याने मनगट बघितलं. जरा दयेने म्हणाला, "सव्वाआठ वाजलेत."

नेडीन हसली. मग तिने हातातला कागद बघितला. एकच रकाना. वरपासून खालपर्यंत एकदा वाचला, पुन्हा वाचला. निघण्याची वेळ घरची होती, दार उघडण्याची शिकागोची, आणि मध्ये जो एक तास असतो तो कुठेच नव्हता.  तिला रॉइसचा आवाज ऐकू आला, अगदी चष्म्यावरून बघत विचारल्यासारखा, "ही कुणाची?" या वर्षी ते कुणी विचारलं नव्हतं.

"बाई," मॅटी आता पूर्ण जागी झाली होती. "आजोबांचे सव्वाआठ वाजलेत. खरंच वाजलेत. सुटीच्या दिवशी मी आत्ता उठते."

"हो ग," नेडीन म्हणाली.

"आता काय करायचं आपण?"

एक्केचाळीस चेहरे तिच्याकडे बघत होते. तिने कागद उलटला. मागे कोरा होता. तीस वर्षांत तिच्या कागदावर असा मोकळा तास कधी आला नव्हता. त्यात काय घालतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "तासभर काहीच नाहीये. चला, पाण्याकडे बसू."

संग्रहालयाच्या मागे तलावात उतरणाऱ्या रुंद सिमेंटच्या पायऱ्या होत्या. मुलं त्यावर बसली, आधी रांगेत, सवयीने. मग हळूहळू रांग विस्कटली. कुणी बूट काढले. कुणी दुसऱ्याच्या मांडीवर डोकं टाकलं. धुकं पाण्यावर इतकं खाली बसलं होतं की तलाव कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. लाट येत होती, पण आवाज न करता.

"पलीकडचा काठ कुठाय?" एका मुलाने विचारलं. त्याने आयुष्यात गुरांच्या तळ्याएवढंच पाणी पाहिलं होतं.

"आहे पलीकडे."

"दिसत नाही पण."

"नाही दिसत," नेडीन म्हणाली. "पण आहे."

"बाई, यावर प्रश्न आहेत का?" हे विचारणारी मुलगी हुशार होती, पेन्सिल कानामागे खोचून बसली होती. दर वर्षी सहलीत वीस प्रश्नांचा कागद असायचा.

"नाहीत."

"मग लिहायचं काय?"

"काही नको लिहूस. बस."

मुलीने पेन्सिल कानामागून काढली, कुठे ठेवावी ते तिला कळेना, शेवटी मोज्यात खोचली आणि बसली.

नेडीनही बसली. तिला आठवेना आपण या शहरात कधी बसलो होतो ते. तीस मे महिने ती इथे उभीच होती, डोकी मोजत, घड्याळ बघत, कुणाच्या नाकातून रक्त येतंय का आणि कुणाचा कोट बसमध्ये राहिलाय का ते पाहत. आता तिच्या अंगात ऊब चढायला लागली होती. मग तिच्या मागे काहीतरी झालं, कारण मुलं एकेक करून गप्प झाली आणि मागे वळली. तिने वळून पाहिलं. धुक्यातून एक इमारत वर आली होती. नुसतं टोक, खाली काही नाही, हवेत ठेवल्यासारखं. मग दुसरी. मग दोन एकदम. कुणी हात लावून पडदा सरकवावा तसं शहर वरून खाली उजळत गेलं, खिडक्यांवर ऊन आलं, आणि एक्केचाळीस मुलं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. कुणी फोटो काढला नाही. काढायचं सुचलंच नाही कुणाला.

"त्या रोज अशाच उगवतात का?" मॅटीने हळूच विचारलं.

"कोण जाणे. मी या वेळी इथे कधी नव्हते."

तिच्या मनात आलं, ही त्याची वेळ. रॉइसची. तो याच वेळी काट्यावर बसून पहिली कॉफी पीत असायचा. तेव्हा तिचा शाळेतला पहिला तास संपलेला असायचा, दोन मुलांना ओरडून झालेलं असायचं. तो रोज ज्या तासात राहायचा त्या तासात ती कधी आलीच नव्हती, तीस वर्षांत एकदाही नाही. इथे किती शांत होतं. त्याला ते ठाऊक होतं, आणि तो बोलला नाही. किंवा बोलला असेल, आणि तिने ऐकलं नसेल. ती मागे टेकली आणि रडत नव्हती तरी डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्यामुळे, असं कुणी म्हटलं असतं तर तिने हो म्हटलं असतं.

तास संपत आला तेव्हा ओथो येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"बाई, बोलू का एक?"

"बोल."

"सकाळी तास मिळाला. तो संध्याकाळी द्यावा लागणार. तीनला निघालो तर शाळेत पावणेसात वाजणार, पावणेसहा नव्हे. पालक तासभर ताटकळणार. पेरणी सोडून येणार ते."

इतका वेळ तिला हे सुचलंच नव्हतं. आता ते गार पाण्यासारखं अंगावर आलं. तिच्या डोळ्यांसमोर कर्बीचं माहितीपत्रक आलं, त्याचं बोट, त्याचा आवाज.

"दोनला निघू," ओथो म्हणाला. "बोट गाळा. बरोबर पावणेसहाला पोचतो. कुणाला पत्ता लागणार नाही."

"बोट गाळायची?"

"नाहीतर चारला फोन करा आणि सांगा, शिकागोच्या रहदारीत अडकलो. शिकागोची रहदारी म्हटली की आपल्याकडचं कुणी पुढे विचारत नाही. मी पण तेच सांगेन. देवाशपथ."

ती उठून मुलांना रांगेत लावू लागली. दारं उघडली, आकडे म्हणून झाले, आणि सहल सुरू झाली. संग्रहालय झालं. सांगाडा झाला, पाच मिनिटांत. डबे बावीस मिनिटांत झाले, आणि सफरचंदं तरीही उडाली. दोनला पाच मिनिटं कमी असताना मुलं धक्क्यावर रांगेत उभी होती, खाली हिरव्या पाण्यावर बोट हेलकावत होती, आणि नुसतं गुरांचं तळं पाहिलेला तो मुलगा नंबर लागण्याआधीच उड्या मारत होता. ओथोने लांबून तिच्याकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. मुलं बोटीत चढली.

कर्बीला फोन करायचा होता. तिने फोन हातात धरला होता, तो तापला होता. बोट सुटल्यावर करू, असं तिने ठरवलं. मग पुलाखालून गेल्यावर करू, मग बसमध्ये बसल्यावर करू. फोन केला की सगळं संपणार होतं, फेब्रुवारी, टेबल, पेन्सिल, आणि रांगेच्या शेवटी आरामात चालणारा तो. तिला ते संपवायचं नव्हतं. यात तिचं चुकत होतं, आणि ते तिला कळत होतं. तिने फोन पिशवीत ठेवला.

परतीच्या वाटेवर मुलं झोपली. ऊन तिरपं झालं होतं, शेतांवर धुळीचे ढग उठत होते. शाळेच्या घड्याळात पावणेसहा वाजले आणि पिशवीत फोन वाजला.

"बाई, कुठे आहात?" कर्बी. त्याच्या मागे गाड्यांची दारं आपटल्याचा आवाज होता. "पार्किंग भरलंय. सगळे आलेत. काही झालं का?"

ओथोने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि ओठांनीच म्हटलं, रहदारी.

"काही झालं नाही," नेडीन म्हणाली. "मुलं ठीक आहेत. आम्ही तासाभरावर आहोत."

"रहदारी का?"

तो शब्द तिला आयता हातात मिळाला होता. तिने खिडकीबाहेर बघितलं. रस्ता रिकामा होता.

"नाही रे. चूक माझी. मी दोन्ही वेळा एकाच रकान्यात लिहिल्या. सकाळीच कळलं मला. तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही, कारण घाबरले."

तिकडे गाड्यांचे आवाज मागे पडले. मग कर्बी हलकेच म्हणाला, "कागद कुणी तपासला होता, बाई?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "रॉइस तपासायचा."

तिने पहिल्यांदाच असं म्हटलं होतं. आतापर्यंत गावात ती "रॉइसला आवडतं", "रॉइस म्हणतो" असंच बोलायची, आणि लोक भिडेखातर दुरुस्त करायचे नाहीत. ओथोने आरशातली नजर रस्त्यावर वळवली. 

पावणेसातला बस शाळेत शिरली. पालक गाड्यांना टेकून उभे होते, पायांना माती, चेहऱ्यांवर आठ्या. नेडीन सगळ्यात आधी उतरली. पायरीवरच उभी राहून तिने सांगितलं, चूक कशी झाली, कुणाची झाली, आणि सकाळी कळूनही आपण गप्प कसे राहिलो. तिने काही गाळलं नाही.

"पावसाआधी दहा एकर पेरून झाले असते," एक बाप म्हणाला. "बाईंचं वय झालंय, दुसरं काय," कुणीतरी मागून म्हणालं, आणि ते तिला ऐकू जावं इतपत मोठ्याने म्हणालं. मुलं डोळे चोळत उतरत होती. कर्बी पुढे आला. त्याचा चेहरा खरोखर दुःखी होता.

"बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. पुढच्या वर्षी कंपनीला दे. मी भांडणार नाही."

एवढं बोलून तिचं बोलणं संपलं. आता घरी जायचं आणि खुर्च्या बदलायच्या, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात एक जुनी पिकअप धूळ उडवत आत आली आणि बससमोर उभी राहिली. आतून आयरा ओव्हरमायर उतरले, मॅटीचे आजोबा. वय ब्याऐंशी. कोठारावर रॉइसच्या आधी काट्यावर हेच बसायचे, आणि नंतरही रोज सकाळी कॉफीला तिथे जायचे. घाईची वेळ त्यांनी जन्मात कधी मान्य केली नव्हती. शाळेकडून येणारा प्रत्येक कागद ते आपल्याच घड्याळाने वाचायचे, आणि दर वेळी चुकीच्या वेळी येऊन सगळ्यांना बोल लावायचे. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, उन्हात धरलं, बसकडे बघितलं.

"पावणेसहा," ते म्हणाले. "ठोक्याला! एवढी माणसं तोंडं पाडून का उभीयत?"

पहिल्यांदा ओथो हसला. मग दहा एकरवाला बाप, मग सगळेच, नाइलाजाने. मॅटी पळत जाऊन आजोबांच्या कंबरेला बिलगली आणि हवेत उगवणाऱ्या इमारतींबद्दल एका दमात सांगू लागली. पालक आपापली मुलं घेऊन गाड्यांकडे वळले. आयरा काठी टेकत नेडीनजवळ आले.

"शिकागोच्या वेळेवर चालवलीस म्हणे सहल."

"चुकून."

"रॉइस म्हणायचा," म्हातारा म्हणाला. "रोज म्हणायचा, काट्यावर बसून. एक दिवस ती आमच्या वेळेवर येईल बघ, आयरा. मी म्हणायचो, ती? शक्य नाही. तर म्हणायचा, येईल. मी थांबलोय."

नेडीनने तोंडावर हात धरला. दिवसभर वारा होता, आता वारा नव्हता. ती शाळेच्या पार्किंगमध्ये, कर्बीसमोर, उरल्यासुरल्या पालकांसमोर रडली, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. कर्बीने टोपी काढून हातात धरली.

"चल घरी जेवायला," आयरा म्हणाले. "आमच्याकडे सहा वाजायला पंधरा मिनिटं आहेत अजून. मटार शिजत ठेवलेत."

तीस वर्षांत ती त्या रस्त्यापलीकडे कुणाकडे जेवायला गेली नव्हती. ती पिकअपमध्ये चढली. मॅटी मध्ये बसली आणि बसल्या बसल्या पेंगायला लागली. गाडी रस्त्याला लागली, दोन्ही बाजूंना नुकती पेरलेली शेतं, कोठाराच्या उंच भिंतीवर ऊन.

"आयरा," ती म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं की वाट मीच बघतेय."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि गाडीचा वेग कमी केला. रस्ता ओलांडायचा होता.